दाढेचा क्लेम बसतो का?

घरच्या कपाटात पाच लाखांची मेडिक्लेम पॉलिसी आहे, हप्ता एकही चुकलेला नाही, आणि तरी दाढेच्या रूट कॅनलचे नि कॅपचे पैसे खिशातूनच गेले. असा अनुभव आलेले माणूस प्रत्येकाच्या ओळखीत सापडते. ते विमा कंपनीच्या नावाने बोटे मोडते, एजंट फोन उचलत नाही, आणि शेजारी सांगतो, ‘अहो, दातांचा क्लेम बसतच नाही.’ शेजाऱ्याचे म्हणणे निम्मे खरे आहे. हा क्लेम कधी बसतो, कधी बसत नाही आणि न बसण्यामागे कोणता हिशोब असतो, ते या प्रकरणात पाहू.

त्यासाठी कोराडीला जायचे. नागपूरच्या उत्तरेला, कामठी तालुक्यातले हे गाव. देवीदर्शनाला येणाऱ्यांसाठी ते महालक्ष्मी जगदंबेचे ठिकाण, तर उरलेल्या महाराष्ट्रासाठी विजेचे. सत्तरच्या दशकात इथले पहिले संच सुरू झाले, आणि आज ६६० मेगावॉटचे तीन संच इथे उभे आहेत. वीज केंद्र, मंदिर आणि आजूबाजूची शेती यांमुळे एकाच गल्लीत अगदी वेगवेगळ्या तऱ्हेने पोट भरणारी माणसे राहतात, आणि आजारपणाचा खर्चही ती वेगवेगळ्या खिशांतून करतात. अशी चार घरे कल्पनेने निवडू. पहिले मंदिराच्या रस्त्यावर पूजासाहित्याचे दुकान चालवणाऱ्याचे; त्याच्याकडे मेडिक्लेम आहे. दुसरे वीज केंद्रात ठेकेदाराकडे काम करणाऱ्या फिटरचे. तिसरे शेतमजुरी करणाऱ्या बाईचे. तिच्याकडे शिधापत्रिका आहे. चौथे निवृत्त शिक्षक दांपत्याचे. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत आहे.

चारही घरांत एकच दाढ किडली असे धरू. दंतवैद्यांच्या भाषेत तिचा नंबर ४६, म्हणजे खालच्या जबड्यातली उजवीकडची पहिली मोठी दाढ. वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास ती येते. आई-वडील तिला दुधाची दाढ समजतात आणि दुर्लक्ष करतात, त्यामुळे कायमच्या दातांत कीड लागण्यात तिचा नंबर बहुधा पहिला लागतो. केसपेपरवर, बिलावर आणि क्लेमच्या कागदावर हाच आकडा लिहिलेला असतो. पुढे जिथे ४६ येईल तिथे ही दाढ समजावी.

विम्याचे आणि दातांचे का जमत नाही

विमा चालतो तो साध्या गणितावर. एका वस्तीत हजार घरे आहेत आणि वर्षाला त्यांतले एक जळते, असे धरा. नुकसान दहा लाखांचे. प्रत्येक घराने हजार रुपये काढले की जळालेले घर पुन्हा उभे राहते. हे जमते, कारण संकट मोठे आहे, क्वचित येते, कोणावर येईल ते कोणालाच ठाऊक नसते आणि मुद्दाम घर जाळून घेणारा विरळा.

दातांकडे आलो की यातली एकही अट टिकत नाही. तोंडाचे विकार जगातल्या साडेतीनशे कोटी लोकांना आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात म्हटले आहे. हजार घरांतल्या जवळजवळ प्रत्येक घराला दंतवैद्याची पायरी चढावी लागणारच. मग सरासरी खर्च तीन हजार येत असेल, तर हप्ताही तीन हजार, वर कंपनीचा कारभार आणि नफा. म्हणजे खिशातून देण्यापेक्षा महागच पडले.

दुसरी अडचण अशी, की दाताचे काम पुढे ढकलता येते. हृदयविकाराचा झटका पॉलिसी निघेपर्यंत थांबत नाही, पण कॅप थांबते. आज दाढ हलू लागली, पुढच्या महिन्यात पॉलिसी काढली आणि त्याच्या पुढच्या महिन्यात क्लेम टाकला, असे करणारे पुष्कळ निघतात. दात चांगले असणारे पॉलिसी घेत नाहीत, किडलेले असणारे धावत येतात. मग हप्ता वाढतो, आणि उरलेसुरले चांगल्या दातांचे गिऱ्हाईकही निघून जाते.

तिसरी अडचण निवडीची. ४६ खराब झाली तर ती काढून टाकता येते, रूट कॅनल करून कॅप बसवता येते, किंवा काढून त्या जागी इम्प्लांट लावता येते. काढायला काही शेकडे, रूट कॅनल आणि कॅपला काही हजार आणि इम्प्लांटला त्याहून कितीतरी जास्त. पैसे दुसरा देणार म्हटल्यावर पेशंट कोणता पर्याय निवडेल आणि डॉक्टर कोणता सुचवेल, हे विमा कंपनी चांगले ओळखून असते.

सरकारांनाही हा खर्च झेपलेला नाही. ब्रिटनने ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली तेव्हा कवळीसुद्धा फुकट होती. वर्षानुवर्षे बोळक्या तोंडाने राहिलेल्या लोकांची एवढी रीघ लागली, की अंदाजपत्रक कोलमडले. १९५१ मध्ये कवळी आणि चष्म्यावर शुल्क लावायचे ठरले. ज्यांनी ही सेवा उभी केली ते अन्युरिन बेव्हन त्याच मुद्द्यावर मंत्रिमंडळातून बाहेर पडले. मोफत सेवेला पहिले शुल्क लागले ते असे दातांपाशी.

म्हणून दातांसाठी म्हणून जे विकले जाते, ते विम्यापेक्षा भिशीला जास्त जवळचे असते. आपणच भरायचे, आपल्याच पाळीला उचलायचे, आणि भिशी चालवणाऱ्याचा वाटा मधून जायचा. फायदा आहे तो शिस्तीचा आणि वाटाघाटीचा, कारण कंपनीने दवाखान्यांकडून ठरवून घेतलेले दर एकट्या माणसाला मिळत नाहीत. जोखीम मात्र तिथे फारशी हलत नाही. एवढे ध्यानात ठेवून आता एकेका घरात शिरू.

दुकानदार आणि चोवीस तासांची भिंत

मेडिक्लेम भारतात १९८६ मध्ये आली, ती रुग्णालयाच्या खर्चासाठी. तिचा पाया आजही तोच आहे: पेशंट किमान चोवीस तास दाखल असला पाहिजे. ४६ चे रूट कॅनल खुर्चीत बसून, दोन-तीन खेपांत होते. कोणी दाखल होत नाही, म्हणून ते ओपीडीत मोडते, आणि साध्या मेडिक्लेमला ओपीडीशी देणेघेणे नसते.

इथे दुकानदार हुशारीने विचारतो, ‘मोतीबिंदूचे ऑपरेशन तरी कुठे चोवीस तास चालते? ते डे केअरमध्ये बसते, मग रूट कॅनल का नाही?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर विमा नियामक ‘इर्डाई’च्या व्याख्येत आहे. पूर्वी ज्यासाठी चोवीस तासांहून जास्त दाखल व्हावे लागे, आणि आता तंत्रज्ञान सुधारल्यामुळे ज्याला तितका वेळ लागत नाही, तेच डे केअर. मोतीबिंदूसाठी जुन्या काळी माणसे रुग्णालयात पडून राहत. रूट कॅनलसाठी कधीच कोणी दाखल होत नव्हते. म्हणून भूल देऊन, सुई टोचून, तासभर यंत्र चालवूनही ते ओपीडीच राहते.

शिवाय बहुतेक पॉलिसींत दातांसाठी स्वतंत्र कलम असते. कंपनीगणिक शब्द बदलतात, पण आशय बहुधा असा असतो: दंतोपचार वगळले आहेत, अपवाद अपघातामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर. या ‘अपघात’ शब्दावर सगळे अडते. सुपारी फोडताना दाढेचा टवका उडाला तर त्याला कंपनी अपघात मानेलच असे नाही. मोटारसायकल घसरून जबडा फुटला तर तो अपघात, यात वाद नाही.

समजा, दुकानदाराचा मुलगा छिंदवाडा रस्त्यावर गाडीवरून पडला. जबड्याला दोन ठिकाणी फ्रॅक्चर, आणि वरचे पुढचे दोन दात, नंबर ११ आणि २१, जागेवरून गेले. तीन दिवस तो दाखल आहे, जबड्याला प्लेट बसली. हा खर्च मेडिक्लेममध्ये बसतो. दातांचे मात्र अवघड होते. इम्प्लांट लावण्याआधी हाड भरून यावे लागते, त्याला महिने लागतात. पॉलिसी तर डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांचाच खर्च देते. ‘आरोग्य संजीवनी’त हे दिवस साठ आहेत. हाड भरून येईपर्यंत मुदत उलटून गेलेली असते, आणि इम्प्लांट पुन्हा ओपीडीत जाऊन पडते. अशा वेळी डिस्चार्ज कार्डावर कोणते दात अपघातात गेले ते नंबरांसह लिहून घ्यावे आणि पुढचे उपचार कंपनीला आधीच लेखी कळवावेत. क्लेम बसेलच याची हमी नाही, पण भांडायला कागद तरी हाती राहतो.

आरोग्य संजीवनी ही इर्डाईने ठरवून दिलेली प्रमाणित पॉलिसी, १ एप्रिल २०२० पासून मिळू लागली. तिच्यात आजार किंवा इजा यांमुळे आवश्यक ठरलेले दंतोपचार चक्क लिहिलेले आहेत. ते वाचून लोक खूश होतात. पण ही ओळ रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या खर्चाखाली येते. चोवीस तासांची भिंत तिथेही उभीच आहे. वर प्रत्येक क्लेममधले पाच टक्के आपल्याला सोसावे लागतात. साध्या पॉलिसीपेक्षा ती एक पाऊल पुढे आहे, कारण तिच्यात अपघाताबरोबर आजारही धरला आहे.

आता ४६ चा उलटा प्रवास पाहा. सुरुवातीला दाढेवर काळा ठिपका असतो. सिमेंट भरले की काम झाले. तेव्हा विमा एक पैसा देत नाही. दुर्लक्ष केले तर कीड नसेपर्यंत जाते, रूट कॅनल आणि कॅप लागते. तेव्हाही विमा गप्पच. आणखी दुर्लक्ष केले तर मुळाशी पू होतो आणि खालच्या दाढांचा पू जिभेखाली व गळ्यात उतरू शकतो. श्वास अडायला लागला की माणूस थेट अतिदक्षता विभागात. आता चोवीस तास उलटतात, जिवावरचा संसर्ग असतो, आणि लाखाच्या घरातले बिल मेडिक्लेमच्या हद्दीत येते. ज्या कंपनीने काही शेकड्यांचे सिमेंट नाकारले, तिलाच आता लाख मोजावे लागतात. आपल्याकडच्या विम्याच्या रचनेतला हा मोठा दोष आहे: दात वाचवायला त्यात पैसा नाही, तो सडल्यावर मात्र आहे.

कंपन्यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे ओपीडीचे जोडकलम, ज्याला एजंट ‘रायडर’ म्हणतात. जास्तीचा हप्ता भरला की वर्षाला ठरावीक रकमेपर्यंत ओपीडीचा खर्च मिळतो आणि काही योजनांत त्यात दात धरलेले असतात. आणखी जुना प्रयोग २००२ च्या सुमाराचा. पेप्सोडेंट टूथपेस्टने न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सशी हातमिळवणी करून पेस्टच्या खरेदीबरोबर दातांचे छोटेसे संरक्षण देऊ केले होते. विम्यापेक्षा तो जाहिरातीचाच भाग जास्त होता.

खर्रा आणि खरे उत्तर

विदर्भात दातांविषयी लिहायचे आणि खर्रा टाळायचा, हे शक्य नाही. पानठेल्यावर प्लॅस्टिकच्या कागदात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून दिलेली ही पुडी गालात ठेवली जाते. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली, तरी घोटून दिलेला खर्रा ठेल्यावर राहिलाच. त्याने दात झिजतात, हिरड्या सुटतात, आणि सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा कडक होत जाते. तोंड तीन बोटे मावतील एवढे उघडेनासे झाले, की दंतवैद्य ताबडतोब पुढच्या तपासण्या सांगतात. ही कर्करोगाची आधीची पायरी असू शकते.

विम्याच्या दृष्टीने इथे दोन गोष्टी येतात. झिजलेले दात आणि हिरड्यांचे उपचार ओपीडीत जातात, म्हणून मिळत नाहीत. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार मात्र दंतोपचारात मोडत नाहीत आणि मेडिक्लेममध्ये येतात. अट एकच, पॉलिसी घेताना खरे सांगितलेले असावे. प्रस्तावाच्या फॉर्मवर तंबाखूचा प्रश्न असतो. एजंट घाईत ‘नाही’वर खूण करतो आणि आपण सही ठोकतो. पुढे केसपेपरवर डॉक्टर ‘दहा वर्षांपासून खर्रा’ असे लिहितात, आणि क्लेम माहिती दडवल्याच्या मुद्द्यावर अडकतो. २०२४ पासूनच्या नियमांनुसार सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिली, की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज कंपनीला असे जुने मुद्दे उकरता येत नाहीत. आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षाही आता जास्तीत जास्त छत्तीस महिने. पण पहिल्या दिवशीच खरे लिहिले, तर या मुदतींची काळजीच करावी लागत नाही.

फिटर: पगारातून कापलेले एकशे पस्तीस रुपये

ठेकेदाराकडच्या फिटरचा पगार १८,००० रुपये आहे असे धरू. त्याच्या पगारपत्रकावर ‘ईएसआय’ म्हणून १३५ रुपये कापलेले असतात, म्हणजे पाऊण टक्का. ठेकेदाराने स्वतःचे सव्वातीन टक्के, ५८५ रुपये, घालायचे असतात. दोन्ही मिळून महिन्याला ७२०. जुलै २०१९ पासून हेच दर आहेत, आणि वेतनाची मर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये.

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा; ही योजना १९४८ च्या कायद्यातून जन्मली. नागपूरला ती १९५४ मध्ये आली, मुंबईच्याही आधी. तेव्हा नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि एम्प्रेस, मॉडेल अशा कापडगिरण्यांचे भोंगे शहर जागे करत. सोमवारी पेठेतले कामगार विमा रुग्णालय आज त्याच योजनेचा भाग आहे.

दुकानदाराच्या पाच लाखांच्या पॉलिसीपुढे फिटरचे कार्ड किरकोळ वाटते. दातांच्या बाबतीत मात्र फिटर पुढे आहे. ईएसआयला ओपीडी वर्ज्य नाही. दवाखान्यात जाऊन तपासून घेणे, औषध घेणे हाच तिचा रोजचा व्यवहार. प्रतीक्षेची मुदत नाही, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून स्वतःला आणि कुटुंबाला उपचार मिळतात. दाढ तपासणे, भरणे, काढणे यांसाठी त्याला क्लेमचा फॉर्म भरावा लागत नाही. कॅप, कवळी यांसारख्या कामांचे नियम निराळे आहेत, ते आधी विचारून घ्यावेत.

अडचणी दुसरीकडे आहेत. दवाखाना दूर, रांग लांब, आणि एका दाढेसाठी दोन दिवसांची मजुरी बुडणार. काही ठेकेदार पैसे कापतात पण भरत नाहीत. म्हणून आपला विमा क्रमांक घालून ईएसआयच्या संकेतस्थळावर हप्ता जमा झाला का, ते फिटरने दर काही महिन्यांनी पाहावे. पगार २१,००० च्या वर गेला तरी चालू अंशदान काळ, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, संपेपर्यंत संरक्षण टिकते. दात दुखत असेल तर काम त्या आधीच उरकून घेण्यात शहाणपण आहे.

कंपनीतर्फे सामूहिक विमा असलेल्यांचे गणित या दोघांच्या मधले. सामूहिक पॉलिसीत काय घ्यायचे ते कंपनी वाटाघाट करून ठरवते, त्यामुळे तिच्यात कधी दातांसाठी छोटी रक्कम सापडते. कर्मचाऱ्यांना बहुधा कार्ड तेवढे मिळते. खरी पॉलिसी मागून घेऊन वाचावी.

शिधापत्रिकेवरची योजना

शेतमजूर बाईसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ अखेर राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. २०२३ च्या निर्णयाने कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण ठरले आणि सर्व शिधापत्रिकाधारक तिच्यात आले.

पण तीही रुग्णालयातल्या मोठ्या उपचारांची योजना आहे. तोंडाचा कर्करोग तिच्यात येतो. ४६ मधली कीड येत नाही. बाईंना दाढेसाठी विमा शोधण्यापेक्षा सरकारी दवाखाना शोधणे फायद्याचे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, आणि अनेक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत दंतवैद्य असतो. मोठ्या कामासाठी नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे ‘मेडिकल’च्या, आवारातले शासकीय दंत महाविद्यालय आहे, १९६८ पासूनचे. तिथले शुल्क खासगी दवाखान्याच्या मानाने फारच थोडे. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो आणि खेपा वाढतात, पण काम तपासून पुढे जाते.

शाळकरी मुलांसाठी आणखी एक सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरला झाली. अंगणवाडीत आणि शाळेत येणारे पथक ज्या तीस दोषांसाठी मुले तपासते, त्यांत दातांचे विकारही आहेत. सहावीतल्या मुलीच्या तपासणी कार्डावर ‘दात’ या रकान्यात खूण असेल, तर ती तशीच दप्तरात राहू देऊ नये.

न्यू जर्सीतली तीस नंबरची दाढ

निवृत्त शिक्षकांच्या मुलाची तीच दाढ अमेरिकेत ३० नंबरची होते, कारण तिथे दात मोजायची रीत वेगळी आहे. हिशोबही वेगळा. दातांचा स्वतंत्र विमा असा जो जगाला ठाऊक आहे, तो अमेरिकेचा, आणि त्याचा उगम गोदीत आहे. नागपूरच्या गिरणी कामगारांना ईएसआय मिळाली त्याच १९५४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या संघटनेने आणि जहाज कंपन्यांनी मिळून चालवलेल्या कल्याण निधीतून कामगारांच्या मुलांचे दंतोपचार सुरू झाले. त्यांच्यासाठी दंतवैद्यांनी ज्या संस्था उभ्या केल्या, त्यांतून पुढे ‘डेल्टा डेंटल’ वाढली.

तिथली नेहमीची रचना १००-८०-५० अशी असते. तपासणी आणि सफाईचे शंभर टक्के, भरणे आणि पुष्कळ योजनांत रूट कॅनलचे ऐंशी टक्के, कॅप आणि ब्रिजचे पन्नास टक्के. आधी थोडी रक्कम स्वतः सोसायची आणि वर्षाची कमाल मर्यादा वेगळी. ही मर्यादा सत्तरच्या दशकात हजार डॉलरच्या आसपास होती. आज पुष्कळ योजनांत ती हजार ते दोन हजारांतच घुटमळते. मधल्या काळात दंतवैद्याचे दर मात्र कितीतरी पटींनी वाढले.

मुलाच्या ३० नंबरच्या दाढेचा हिशोब मांडू. रूट कॅनल १,३०० डॉलर, कॅप १,४०० डॉलर, स्वतः सोसायचे ५० आणि वर्षाची मर्यादा १,५०० डॉलर असे धरा. रूट कॅनलचे १,३०० वजा ५०, त्याचे ऐंशी टक्के म्हणजे १,०००. कॅपचे पन्नास टक्के ७००. एकूण १,७०० व्हायला हवे होते, पण मर्यादा १,५०० ची. म्हणून २,७०० च्या बिलात त्याच्या खिशातून १,२०० जातात, आणि उरलेल्या वर्षात दुसरी दाढ दुखली तर सगळे त्याचेच. म्हणून परदेशातली मराठी मुले दिवाळीला घरी आली, की फराळाआधी नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत दंतवैद्याची वेळ घेतात. आई-वडील तिकडे जातात तेव्हा उलटे होते: प्रवासी विम्यात दातांसाठी मिळालेच तर अचानक उठलेल्या कळेचे किंवा अपघाताचे, तेही थोड्या रकमेपर्यंत. दाढेची कुरकुर असेल तर विमानात बसण्याआधी इथेच काम करून घ्यावे.

जर्मनीने निराळी वाट धरली. सरकारी विमा कॅप किंवा ब्रिजसाठी ठरावीक साध्या उपचाराच्या खर्चाचे साठ टक्के देतो. पाच वर्षे दरवर्षी तपासणी करून वहीत शिक्का घेतला असेल तर सत्तर, दहा वर्षे घेतला असेल तर पंचाहत्तर. महागडी कॅप हवी असेल तर वरचे पैसे पेशंटचे. दात राखणाऱ्याला जास्त आणि हौस करणाऱ्याला तेवढेच. दातांच्या विम्याच्या तिन्ही अडचणींवर इतका साधा उपाय दुसरा माझ्या पाहण्यात नाही.

पॉलिसी हातात घेऊन

आता आपल्या कपाटातली पॉलिसी काढा आणि तिला पाच प्रश्न विचारा.

१. दातांचे कलम कोणते शब्द वापरते: फक्त ‘अपघात’, की ‘आजार किंवा इजा’?

२. ओपीडीचे जोडकलम असेल तर त्यात दात स्पष्ट लिहिले आहेत का? किती रकमेपर्यंत, आणि कोणत्याही दवाखान्यात की ठरलेल्याच?

३. प्रतीक्षा किती? पॉलिसी घेण्याआधीच पडलेल्या दाताच्या जागी बसवलेला दात चालतो का?

४. काय हमखास वगळले आहे? दात पांढरे करणे, तारा लावणे आणि इम्प्लांट बहुधा या यादीत असतात.

५. जास्तीचा हप्ता किती आणि मिळणारी कमाल रक्कम किती?

शेवटच्या प्रश्नाला पेन घेऊन बसावे. समजा, जोडकलमाला वर्षाला ४,००० रुपये जास्त पडतात आणि ओपीडीची मर्यादा ५,००० ची, त्यात दातांसाठी २,०००. घरात दुसरे ओपीडीचे खर्च नसतील तर हा सौदा तोट्याचा. मधुमेही आई-वडील आहेत, दर महिन्याला तपासण्या होतात, तर तोच सौदा परवडेल. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे, तेव्हा जुन्या हप्त्यावरून हिशोब करू नये. घेतलेली पॉलिसी पटली नाही तर तीस दिवसांत परत करता येते.

क्लेम नाकारला गेला तर कारण लेखी मागावे आणि त्या कारणात कलमाचा क्रमांक आहे का ते पाहावे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहावे. तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. बिलावर दाताचा नंबर, एक्स-रे, आणि दाखल होण्याची गरज का पडली याबद्दल डॉक्टरांचे दोन शब्द, एवढे कागद असतील तर बाजू भक्कम होते.

कोराडीच्या चार घरांचा ताळा मांडला तर निघते ते असे. जबड्याचे फ्रॅक्चर, गळ्यात उतरलेला संसर्ग, कर्करोग यांसाठी विमा हवाच, आणि तो आहेही: दुकानदाराकडे मेडिक्लेम, बाईंकडे शिधापत्रिका, फिटरकडे ईएसआय. कीड, सफाई आणि कॅप यांसाठी विमा शोधण्यापेक्षा वर्षाला एक ठरावीक रक्कम बाजूला काढून दर सहा महिन्यांनी तोंड दाखवून येणे स्वस्त पडते. हे झाले घरापुरते. राज्याच्या योजनेपुढे मात्र एक प्रश्न उरतो. ज्या कुटुंबाच्या आजारपणासाठी सरकार पाच लाख रुपये राखून ठेवते, त्याच कुटुंबातल्या मुलीच्या दाढेत वेळीच भरलेले सिमेंट आणि तिच्या बापाच्या तोंडाची वर्षाकाठची तपासणी त्या पाच लाखांतून का होऊ नये? जर्मनीच्या वहीत आहे ते हेच, आणि ते इथे आणायला कोणत्याही नव्या तंत्राची गरज नाही. योजनेच्या यादीत दोन ओळी वाढवल्या तरी पुरे.